अ‍ॅनापोलिसची ऑक्टोबरातली जत्रा

चेसापीक उपसागराच्या आसपास शिडाची होडी बाळगणाऱ्या माणसाला ऑक्टोबरात दुसरं काही सुचत नाही. लग्नं, बारशी, घराची रंगरंगोटी, सगळं पुढे ढकललं जातं. मेरीलँडची राजधानी अ‍ॅनापोलिस तशी लहानशी. एका अंगाला अमेरिकी नौदलाची अकादमी, दुसऱ्या अंगाला स्पा क्रीक, पलीकडे ईस्टपोर्ट, आणि मधे गावात घुसलेली पाण्याची अरुंद, चिंचोळी पट्टी. तिला लोक ‘ईगो अ‍ॅली’ म्हणतात, कारण एरवी तिथे आपली होडी मिरवत आणायची आणि वळवून परत न्यायची, एवढंच काम असतं. ऑक्टोबरात मात्र शिडाच्या होड्यांच्या प्रदर्शनासाठी तिथे तरंगते धक्के टाकून होड्यांचं गावच वसवतात.

ही प्रथा जेरी वुड यांनी १९७० साली सुरू केली. त्याआधी १९५९ मध्ये त्यांनी याच गावात नौकानयनाची शाळा काढली होती. तोवर होड्यांची प्रदर्शनं बहुतेक मोठ्या दालनांत, होड्या घोडींवर चढवून भरत. होडी पाण्यात, डोलकाठीसकट उभी असावी आणि गिऱ्हाइकानं तिच्यावर पाय ठेवून बघावं, ही कल्पना शिकवणाऱ्या माणसालाच सुचावी यात नवल नाही. करोनामुळे २०२० साली जत्रा भरली नाही, तेव्हा ऐन पन्नाशीत खंड पडला म्हणून जुनी मंडळी हळहळली होती.

पाण्याबद्दल आधी सांगायला हवं. अ‍ॅनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक फूट. मुंबईच्या बंदरात वाढलेल्या माणसाला तो फरकच वाटत नाही. पण इथे पाणी चढवतो तो वारा. दक्षिणेकडून दोन दिवस वारा लागला की उपसागराचं पाणी वरच्या अंगाला साठतं आणि ईगो अ‍ॅलीच्या काठच्या सिटी डॉकवरच्या गटारांतून उलटं रस्त्यावर येतं. वायव्येचा वारा सुटला की तेच पाणी उतरतं. म्हणून त्या आठवड्यात जुनी मंडळी पंचांग बघत नाहीत, वाऱ्याची दिशा बघतात, आणि पिशवीत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट टाकतात.

पायात मात्र सहज निघणारं काहीतरी हवं. प्रत्येक होडीवर चढताना पादत्राणं धक्क्यावर काढून ठेवावी लागतात, देवळाबाहेर ठेवतात तशी. नाड्यांचे बूट घालून आलेला माणूस चौथ्या होडीपर्यंत वैतागतो. भोकाचे मोजे घालून येणारेही दरवर्षी असतातच.

बघायचं कसं? एकच गोष्ट डोक्यात ठेवायची: समोरची होडी आत्ता सपाट आणि स्थिर आहे, पण समुद्रात ती वीस अंशांनी कललेली असेल आणि आदळत असेल. रुंद, मोकळं सलून, म्हणजे आतली बैठकीची खोली, धक्क्यावर फार छान दिसतं. समुद्रात मात्र माणूस त्या मोकळ्या जागेतून थेट समोरच्या टेबलावर जातो. तेव्हा शिडी उतरल्यापासून पुढच्या केबिनपर्यंत प्रत्येक पावलाला हात धरायला काही आहे का, ते खरोखर धरत धरत जावं. स्वयंपाकाच्या ओट्याला उंच कड हवी, शेगडी झुलती हवी, तिच्यापुढे कमरेचा पट्टा अडकवायला जागा हवी. सिंक शक्य तितकं मधल्या रेषेजवळ असावं. ते एका कडेला असेल आणि होडी त्याच बाजूला कलली, तर समुद्राचं पाणी नळीतून उलटं चढून भांड्यांत येतं. बिछान्यावर आडवं व्हायलाही लाजू नये. विक्रेते हे रोज बघतात.

त्यानंतर गुडघ्यावर बसायचं काम. शिडी उचलून इंजिन उघडायला सांगावं. तेलाची पट्टी, डिझेलचा फिल्टर आणि इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा पंप, या तिन्हींपर्यंत हात पोचतो का ते बघावं. पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकून पाणी थांबलं की तो कोरडा फिरतो, पाती तुटतात, आणि तुकडे पुढे जाऊन इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतात. नवा इम्पेलर घालून भागत नाही, तुकडे मोजून सगळे बाहेर काढावे लागतात. हे काम हलत्या होडीत करायचंय. पंपाचं झाकण मागच्या बाजूला, आरशात बघून स्क्रू काढावे लागतील असं बसवलेलं असेल, तर तो बनवणारा कधी समुद्रात इंजिन बंद पडून अडकलेला नाही, एवढं समजावं.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा जिथे डेकमधून खाली पोलादी पट्ट्यांना बांधलेल्या असतात, ती जागा आतून उघडून दिसली पाहिजे. स्टेनलेस स्टील उघड्यावर वर्षानुवर्षं टिकतं. पण डेकमध्ये ओल अडकून हवा मिळाली नाही की ते आतल्या आत कुरतडलं जातं आणि वरून काहीच कळत नाही. सुंदर सागवानी फळ्यांनी तो भाग कायमचा झाकलेला असेल, तर ते सौंदर्य महागात पडतं.

डेकचंही तसंच. दोन फायबरग्लास थरांच्या मधे बऱ्याचदा बाल्साचं हलकं लाकूड असतं. एका सैल स्क्रूतून पाणी शिरलं की लाकूड कुजत जातं आणि पायाखाली डेक दबायला लागतं. जाणकार कारागीर ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १२ चं भोक पाडतात, कडेचं लाकूड थोडं खरवडतात, घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, भरतात आणि ते पक्कं झाल्यावर त्यात ६ चं भोक घेतात. मग पाणी शिरलंच तरी लाकडापर्यंत पोचत नाही. विक्रेत्याला हे विचारून बघावं. काहींचा चेहरा खुलतो, काही जण माहितीपत्रक पुढे करतात.

इथे गप्पांत मराठी माणसं असली तर ‘म्हादेई’चा विषय निघतोच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात, लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लास चढवून बांधलेली ५६ फुटांची होडी. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढे अभिलाष टॉमी यांनी न थांबता. धक्क्यावरच्या चकचकीत होड्यांकडे त्यानंतर जरा वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

दोन तळांच्या कॅटमरान गेल्या काही वर्षांत फार वाढल्या. प्रशस्त असतात, खरं. विकत घेण्याआधी ती रुंदी उभी करायला धक्का कुठे मिळेल आणि त्याचं भाडं किती, हे विचारावं म्हणजे झालं.

खरी मजा तंबूंत. दोर जोडून दाखवणारा माणूस असला की त्याच्यासमोर तासभर सहज जातो. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोर त्याच जाडीच्या पोलादी तारेइतका ताकदवान, आणि पाण्यावर तरंगणारा. पण तो इतका गुळगुळीत असतो की गाठ मारली तर ताकद निम्म्याहून कमी उरते किंवा गाठच सरकते. म्हणून त्याचं टोक त्याच्याच पोटात घालायचं: जाडीच्या ७२ पट लांबी, म्हणजे ८ मिलिमीटरच्या दोराला साधारण ५८ सेंटिमीटर. आत जाणारं टोक धागे कमी करत निमुळतं करायचं. नाहीतर ते जिथे संपतं तिथे दोर एकदम बारीक होतो आणि सगळा ताण त्या जागी येऊन दोर तुटतो. सुरुवातीला दोर दोरातूनच आरपार ओवून घालतात तो ब्रमेलचा पेच ताकदीसाठी नसतो. दोर ढिला असताना टोक निसटू नये, एवढंच त्याचं काम. पुरण्याची लांबी वाचवणारे मात्र फसतात. सुई, ५ मीटर दोर आणि भरपूर चिकाटी, एवढं सामान पुरतं.

नांगरवाल्यांच्या गाळ्यावर भांडणं हमखास. कोणता नांगर चांगला यावर एकमत होणं नाही, पण साखळी किती सोडायची हे ठरलेलं आहे. पाणी ३ मीटर, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर वर, मिळून ४. मुक्कामाला त्याच्या सातपट, म्हणजे २८ मीटर. पाण्याची खोली मोजून नाळेची उंची विसरणाऱ्यांचे नांगर मध्यरात्री घसरतात.

किमतीच्या पाटीवर विसंबू नये. तळाचा रंग, उपकरणं, नांगर आणि साखळी, होडी आणून उभी करण्याचा खर्च त्यात बहुधा नसतो. समुद्रात न्यायला तयार अशी होडी कितीला, असंच विचारावं.

आणि शेवटचा दिवस. तेव्हा दुपारनंतर होड्या बघायला कुणी थांबत नाही, सगळे किनारा धरून उभे राहतात. आतल्या होड्या बाहेरच्यांनी कोंडलेल्या असतात, त्यामुळे सर्वांत बाहेरची पहिली निघते. भोंगे वाजतात, काठावरच्या बारमध्ये रमचे पेले वर जातात. उलट्या गियरमध्ये बहुतेक होड्यांचा मागचा भाग डावीकडे ओढला जातो आणि वेग येईपर्यंत सुकाणू ऐकत नाही. त्यात आडवा वारा असेल तर भल्या भल्या कप्तानांची परीक्षा होते. चुकलं की काठावरून ओरडा, जमलं की टाळ्या. होड्या गेल्या की धक्क्यांचे तुकडे सोडवून बोटी ते ओढून नेतात, तेही बघण्यासारखं असतं. फक्त गाडी नौदलाच्या स्टेडियमवर लावली असेल, तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे सकाळीच विचारून ठेवावं.