पाट्याचा कोयता, स्पिनरमधलं तेल : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, शेपर, वेल्डिंग मशीन, कोळशाची भट्टी आणि मागच्या अंगाला भंगाराचा ढीग. ट्रकचे पाटे (म्हणजे स्प्रिंगच्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या), शिलाई मशीनचे पाय, वॉशिंग मशीनच्या मोटारी, वाड्यांच्या तुळया, मागाचे धोटे (आडवा दोरा इकडून तिकडे नेणारे लाकडी तुकडे) असा माल आमच्याकडे येतो. त्यातून वर्कबेंच, कोयते, पटाशा, टेबलं, चाळण्या आणि ग्राइंडर होऊन बाहेर पडतात. लोक विचारतात, हे सगळं सुचतं कसं? सुचण्याचा भाग यात कमी आहे. एखादी वस्तू आधी कोणतं काम करत होती, कसला भार सोसत होती, हे नीट पाहिलं की पुढे तिच्याकडून काय करून घ्यायचं ते बरंचसं ठरून जातं. आमचा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधी सांगितली.

सुरुवात वडिलांच्या लेथपासून झाली. ते ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करायचे. शेतात विजेचे पंप आले तसं ते काम आटत गेलं. लेथ रिकामा ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून वडील आजूबाजूच्या वर्कशॉपना लागणाऱ्या वस्तू बनवून द्यायला लागले : व्हाइसचं स्टँड, ड्रिल मशीनचं टेबल, पुली काढायचा पुलर. नवं लोखंड आणायला पैसे नसायचे, म्हणून माल भंगारातला. उद्यमनगरात हे कुणाला वेगळं वाटलंही नाही. इथला माणूस मशीन विकत घेण्याआधी 'आपल्याला हे बनवता येईल का' असं विचारतो. फाउंड्र्यांचं गाव असल्यामुळे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भंगार वितळून त्याचं पुन्हा कास्टिंग होणं रोजचंच आहे. वडिलांचा आक्षेप मात्र तिथेच होता. वितळवायला कोळसा नाहीतर वीज लागते, मग साचा, मग मशीनिंग. जी वस्तू आहे त्याच आकारात कामाला येते तिला भट्टीत कशाला घालायची, असं ते म्हणायचे. मला ते आजही शंभर टक्के पटतं.

मी धंद्यात आलो तेव्हा हॉटेलवाल्यांकडून शोभेच्या वस्तूंची मागणी होती. सायकलच्या चाकाचं झुंबर, स्कूटरच्या तोंडाचा काउंटर, नटबोल्टचे पुतळे. पैसे बरे मिळत आणि काही वर्षं आम्ही ते केलंही. पण चांगल्या स्प्रिंग स्टीलचा पाटा वाकवून त्याला बल्ब लटकवायचा, हे माझ्या हाताला पटेना. त्या पाट्यात लवचीकपणा आहे, धार धरायची ताकद आहे, आणि आपण त्याचा फक्त आकार वापरतोय. हळूहळू ती कामं बंद करून आम्ही वापराच्या वस्तूंवरच आलो.

पाट्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या ओळखीतला मोठा भाग कोयत्यांचा आहे. आजूबाजूला सगळा उसाचा पट्टा. गळीत हंगामाच्या तोंडावर कोयत्यांची मागणी एकदम वाढते. ट्रकचा पाटा हे सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम-व्हॅनेडियम जातीचं स्टील असतं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. जन्मभर वाकून पुन्हा सरळ होण्याचं काम त्यानं केलेलं असतं. पाट्याचा कोयता करणं हा काही आमचा शोध नव्हे. घिसाडी लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत आणि आम्ही हे काम शिकलो तेही एका घिसाडी कुटुंबाकडून. त्या घरातले आजोबा सांडशीत लोखंड धरायचे आणि आजी घण घालायच्या. लोखंड किती लाल झालं की बाहेर काढायचं, हे त्या दोघांना एकमेकांकडे न बघता कळायचं. आम्ही त्यात थोडी मोजमापाची भर घातली.

पहिली तपासणी चिरांची. वापरून थकलेल्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. पाटा घासून साफ करायचा, त्यावर रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वर खडूची पूड लावायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत झिरपून काळी रेघ उमटते. असा पाटा कोयत्याला घेत नाही. काम करता करता कोयत्याचा तुकडा उडाला तर तो शेजारच्या माणसाला लागणार. तोडणीच्या फडात माणसं किती जवळजवळ काम करतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

घडवून झाल्यावर पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करणं. शब्द पाणी देण्याचा असला तरी आम्ही तेलात बुडवतो, कारण पाण्यात हे स्टील तडकण्याची भीती असते. तापलेल्या पात्याला चुंबक लावून बघायचं. 770 डिग्रीच्या आसपास लोखंड चुंबकाला धरेनासं होतं. त्याच्या थोडं पुढे, लाली एकसारखी झाली की तेलात. बाहेर काढल्यावर कानस फिरवायची, ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. या अवस्थेत पातं कडक असतं पण ठिसूळ, म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवायचं. रंग आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. कोयत्याला जांभळ्या-निळ्याच्या मधे थांबायचं. जुन्या कानशीची पटाशी करताना मात्र पिवळ्यावरच थांबतो, कारण तिला टणक धार हवी असते आणि कोयत्यासारखे फटके खायचे नसतात. कानशीचे दात आधी पूर्ण घासून काढावे लागतात. दाताच्या मुळाशीच चीर सुरू होते.

इचलकरंजीचा माल आमच्याकडे आला तो वेगळ्या कारणानं. तिथे 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गावच मागाचं झालं. आता बिनधोट्याचे माग वाढले तसे जुने माग मोडीत निघतात. बिडाची चौकट फाउंड्रीला जाते आणि धोटे, कांड्या पोत्यानं पडून राहतात. धोट्याचं लाकूड घट्ट आणि सुतालाही अडकू न देणारं, इतकं गुळगुळीत. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या. रोज हात लागणाऱ्या वस्तूला याहून चांगलं लाकूड कुठलं? त्याच्या आम्ही ड्रॉवरच्या मुठी, दाराची हँडलं आणि पटाशीचे दांडे करतो. ज्यांच्या घरात माग होता अशी माणसं ते हँडल हातात घेऊन बराच वेळ बोलत उभी राहतात.

मग पूर आला. ऑगस्ट 2019 आणि पुन्हा जुलै 2021. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पाणी ओसरल्यावर शाहूपुरीसारख्या भागात दारोदारी चिखलानं भरलेली वॉशिंग मशीन, फ्रीज, पिठाच्या गिरण्या, पंप पडलेले होते. लोकांना आधी घर धुवायचं होतं, वस्तूंचं नंतर. आम्ही ठरवलं की जे दुरुस्त होईल ते दुरुस्त करून परत द्यायचं, आणि ज्याची आशा मालकानंच सोडली ते विकत घ्यायचं. मोटार चिखलात बुडाली म्हणून मेली असं नसतं. उघडून स्वच्छ पाण्यानं गाळ पूर्ण काढायचा, मंद उष्णतेवर सावकाश वाळवायची, मगच मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायचा. इन्सुलेशन एक मेगाओमच्या वर आलं नाही तर पुन्हा वाळवायची, नाहीतर रिवाइंडिंग, म्हणजे तार नव्यानं गुंडाळणं. बेअरिंग मात्र डोळे झाकून बदलायचं, आत गेलेला बारीक गाळ निघत नाही. घाई करून ओली मोटार चालू केलेल्या माणसांच्या मोटारी जळल्या, एरवी त्या वाचल्या असत्या.

विकत घेतलेल्या त्या मशीनमधून आमचं आजचं सगळ्यात चालणारं काम निघालं. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा स्पिनर कपड्यातलं पाणी फेकतो. लेथवाल्यांना असंच काहीतरी हवं असतं, त्यांना चिप्सला (लेथवर निघणाऱ्या लोखंडाच्या किसाला) चिकटलेलं कटिंग ऑइल परत हवं असतं. एरवी ते तेल भंगाराबरोबर जातं, भंगारवाला ओल्या चिप्सला भावही कमी देतो आणि जागेत घसरडं होतं ते वेगळंच. आम्ही स्पिनरच्या टबात लोखंडी जाळीचा डबा बसवतो, खाली तेल जमायला नळी आणि कॅन. बारीक चिप्स थोड्या थोड्या, सगळीकडून सारख्या भरायच्या, नाहीतर तोल जाऊन मशीन नाचायला लागतं. लांब गुंडाळीच्या चिप्स आधी तोडायच्या. झाकण उघडलं की मोटार बंद होऊन ब्रेक लागण्याची जी मूळ सोय असते, ती आम्ही तशीच ठेवतो. ती काढून द्या म्हणणाऱ्याला आम्ही मशीन देत नाही. निघालेलं तेल गाळून पुन्हा वापरता येतं. उद्यमनगर आणि शिरोलीतल्या छोट्या लेथवाल्यांकडे अशी मशीनं चालू आहेत.

फुल-ऑटोमॅटिकचा स्टीलचा भोकांचा ड्रम कंपोस्ट चाळायला उत्तम, आडवा बसवून हातानं फिरवायचा, गंज नाही. इंडक्शन मोटार मिनिटाला साधारण 1400 फेरे देते, तिच्यावर बेल्ट ग्राइंडर छान चालतो, फक्त या मोटारी उघड्या असतात म्हणून लोखंडाची धूळ आत जाऊ नये असं कव्हर हवं. फ्रंट लोडच्या जुन्या मॉडेलमधली कार्बन ब्रशची मोटार वेगळी. स्पीड कंट्रोल आणि लोड नसेल तर तिचा वेग भलताच वाढतो. ज्याला हा फरक माहीत नाही त्यानं ती टेबलावर ठेवून थेट प्लगला लावू नये. व्हिडिओ बघून असं करणारी पोरं मला माहीत आहेत आणि त्यांची काळजी वाटते.

काही माल आम्ही घेतच नाही. आत काय होतं ते माहीत नसलेला 200 लिटरचा बॅरल आम्ही कापत नाही. रिकामा दिसला तरी आतल्या वाफेला ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. जस्ताचा लेप असलेल्या पाइपला वेल्डिंग करायचं तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढावं लागतं, त्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. रुळाच्या तुकड्याची ऐरण सगळ्यांनाच हवी असते, पण रेल्वेच्या मालासाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे आणि लिलावाचे कागद नसलेला रूळ दारात ठेवणंही गुन्हा ठरू शकतो. कागद असतील तरच घेतो. मशीनमधले सर्किट बोर्ड आम्ही फोडत नाही, ते नोंदणी असलेल्या रीसायकलरकडे जातात. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, पण नियम नसता तरी त्यातलं शिसं मी आमच्या पोरांच्या श्वासात जाऊ दिलं नसतं.

धंद्याच्या हिशेबाचंही बोललं पाहिजे, कारण भंगार म्हणजे फुकट असा समज पक्का आहे. माल स्वस्त पडतो, पण मजुरी दुप्पट लागते. गंज काढणं, खिळे उपसणं, वाकलेलं सरळ करणं. वाड्याच्या सागवानी तुळईत एक खिळा राहिला तर करवतीचं पातं गेलंच, म्हणून प्रत्येक फळीवर आधी चुंबक फिरवतो. शिवाय 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून धातूचं भंगार घेतलं की त्याचा जीएसटी आम्हीच भरायचा, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. पैसे बुडत नाहीत, पण अडकतात. छोट्या वर्कशॉपला ते जाणवतं. म्हणून आमचं टेबल दुकानातल्या टेबलापेक्षा स्वस्त नसतं, आणि ते तसं विकायचा आमचा प्रयत्नही नाही. बिडाच्या पायांवर जुन्या सागवानाचं टेबल घेणारा माणूस ते नातवाला देण्याच्या हिशेबानं घेतो.

सध्या मी आणि धाकटा भाऊ वर्कशॉप बघतो, हिशेब आणि ऑर्डरी वहिनींकडे. आयटीआयची मुलं शिकायला येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात वेल्डिंगला हात लावू देत नाही, ढिगातली एकेक वस्तू उचलून ती कशाची आहे, कशासाठी घडवली होती, हे ओळखायला लावतो. बेअरिंगचं स्टील, माइल्ड स्टील आणि बीड ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून वेगळं सांगता आलं की मग पुढचं.

पुढे स्पिनरचं काम वाढवायचं आहे, त्यासाठी जुने सेमी-ऑटोमॅटिक स्पिनर आम्ही घेतो, मोटार जळलेली असली तरी चालेल. पाटे आणताना बोल्ट तोडायला गॅस कटर लावू नका, तेवढा भाग आम्हाला फेकावा लागतो. आणि शिलाई मशीनचे पाय टेबलासाठी द्यायचे असतील तर मागची आडवी पट्टी सोडवू नका. पट्टी निघाली की दोन्ही पाय हलायला लागतात, गाडीत एकमेकांवर आपटून बीड तडकतं, आणि तो जोड निकेलच्या रॉडनं भरायचा खर्च तुमच्याच टेबलावर पडतो.