टिशियनची बाही, रेम्ब्राँटचं कोपर

लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पोचेपर्यंत पावसानं गाठलंच. नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट, म्हणजे आडोसाही फुकट. पण मी आले होते एका बाहीसाठी.

ती टिशियन या इटालियन चित्रकाराच्या चित्रात आहे, साधारण 1510 सालच्या. दगडी कठड्यावर हात टेकलेला दाढीवाला तरुण खांद्यावरून आपल्याकडे बघतो, जरा तोऱ्यातच. पण आपण बघत राहतो त्याची निळी, गोधडीसारखे टाके घातलेली बाही. इतकी फुगीर, की कठडा ओलांडून अंगावर येते. टाक्याशी कापड दबलेलं, मधे चकाकणारं. हात लावावासा वाटतो, पहारेकरी खाकरला.

मग बरीच दालनं तुडवत डच चित्रकार रेम्ब्राँटच्या आत्मचित्राकडे. 1640, वय 34. तसाच कठडा, तसंच टेकलेलं कोपर, तशीच वळलेली मान. कपडेसुद्धा शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचे! आणि हा गृहस्थ इटलीला कधी गेलाच नाही. इटलीच ॲमस्टरडॅमला आली होती. 1639 साली तिथल्या एका लिलावात इटालियन चित्रकार राफाएलनं काढलेलं, कास्तिल्योने या दरबारी लेखकाचं व्यक्तिचित्र विकलं गेलं. रेम्ब्राँटनं त्याचं झरझर रेखाटन केलं आणि त्याच कागदावर किंमतही टिपून ठेवली: 3500 गिल्डर (तेव्हाचं डच चलन). राफाएलचं ते चित्र विकत घेणाऱ्या अल्फोन्सो लोपेझकडे टिशियनचा हा तरुणही होता.

मला त्या टिपलेल्या किमतीचीच गंमत वाटते. त्याच वर्षी रेम्ब्राँटनं 13,000 गिल्डरचं घर घेतलं होतं. सही तर आधीपासूनच टिशियन, राफाएलसारखी नुसत्या पहिल्या नावाची. आपण कुणाच्या पंगतीला बसणार, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

तरी याला नक्कल म्हणवत नाही. मिरवणारी बाही त्यानं विझवून टाकलीय. उजेड सगळा चेहऱ्यावर.

याच गॅलरीत त्याचं 63व्या वर्षीचं आत्मचित्रही आहे, 1669चं, तो गेला त्या वर्षीचं. मधे 1656ला दिवाळं निघालेलं. इथे कठडा नाही, तोरा नाही. हात एकमेकांत गुंतवलेले. या चित्रापुढे मी सगळ्यात जास्त वेळ बसले.

बाहेर पाऊस थांबला होता. गॅलरीसमोरच्या दगडी कठड्यावर कोपर टेकून, मान वळवून मी नवऱ्याला म्हटलं, "काढ फोटो." तोरा काही जमला नाही. स्वेटरची बाही तेवढी कोपरापर्यंत भिजली.