गोरामोरा

झोप येत नाहीये. दादाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

मोठं काहीच झालं नाही. मुंबईची मंडळी पेट्या न्यायला आली, दादाने कौतुकाने आढीतला एक आंबा त्यांच्यासमोर कापला. रंग, वास, सगळं जिथल्या तिथे, आणि आत साका. कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत. ते गृहस्थ वाईट बोलले नाहीत. "असू दे हो," एवढंच. तेवढ्याने दादा गोरामोरा झाला.

दुसरा शब्दच नाही त्याला. ओशाळलेला माणूस निदान कसंनुसं हसतो. हिरमुसलेल्याची कोणी ना कोणी समजूत काढतं. हे वेगळंच. रापलेल्या कातडीखालून रंग निघून गेला, ओठांच्या कडा पांढुरक्या पडल्या. फोडीकडे बघेना, माणसांकडेही बघेना. सुरी पंच्याने पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

लहानपणी कोणी असं तोंड करून दारात उभं राहिलं की आजी विचारायची, "गोरोमोरो कित्याक झालंस रे?" की लगेच रडू फुटायचं, आणि मग बरं वाटायचं. आता पन्नाशीच्या माणसाला हे कोण विचारणार?

आणि मलाच का दिसतं हे सगळं? वहिनीने चहा टाकला, पोरं पेट्या बांधत राहिली. या घरातले चेहरे मीच वाचायचे असं कधी ठरलं? बाबांच्या वेळीही... जाऊ दे.

त्याचा दोष तरी काय? चौदा आणे तयार झालेलाच आंबा उतरवतो, जमिनीची धग फळाला लागू नये म्हणून कलमांखाली पातेरा, वाळका पाला, पसरतो. तरी साका होतो, आणि कापेपर्यंत कळत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका नसतो. कुंपणाशी आहेत आमची दोन कलमं. पण दादाचा जीव हापूसात. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात लग्न असल्यासारखा हिंडत होता.

भाव पडला की तो चिडतो, दलालाला शिव्या घालतो. तेव्हा नाही होत गोरामोरा. आज स्वतःच्या खळ्यात, स्वतःच्या हाताने कापून दिलेलं फळ होतं, समोरच्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तिथेच लागलं त्याला. हे आत्ता लिहिताना कळतंय, आणि कळल्यावर थोडं हलकंही वाटतंय. असा चेहरा होणारा माणूस घरात आहे, तर असू दे. आपण बघायचा.

खळ्यात बॅटरीच्या उजेडात आढी चाळणं चाललंय त्याचं. मंडळी उद्या दुपारपर्यंत देवगडातच आहेत, त्यांना एक पेटी जास्तीची द्यायची म्हणतोय, फुकट. वहिनी कुरकुरेल. पेंढा भरायला मी बसेन. त्यांनी फक्त ती घ्यावी, आढेवेढे घेऊ नयेत.