फॅटी लिव्हरचा पेपर आणि तो रंगीत गोळा

फॅटी लिव्हरवरचा एखादा संशोधन-पेपर ऑनलाइन उघडला की बाजूला अल्टमेट्रिकचा (संशोधनाची बातम्या, ब्लॉग, सोशल मीडियावर किती चर्चा झाली ते मोजणारी सेवा) रंगीबेरंगी गोल दिसतो ना, मधे आकडा असलेला, तो बघून बऱ्याच जणांना वाटतं की वा, एवढ्या लोकांनी वाचलाय! तसं नाहीये ते. तो आकडा म्हणजे चर्चा किती झाली त्याचा वजन लावून केलेला हिशोब, म्हणजे बातमीला ८, ब्लॉगला ५, विकिपीडियाला ३ असं काहीसं, आणि गोलात लाल रंग जास्त दिसला तर समजायचं की बातम्यांमुळे फुगलाय. आता "कॉफीने लिव्हर सुधारतं" टाइप निष्कर्ष असला की वर्तमानपत्रवाले तुटून पडतात, आणि बायोप्सीच्या स्लाइड्स डोळे फोडून तपासलेला अभ्यास बिचारा कोपऱ्यात पडून राहतो.

मेंडेलीत (संशोधन-पेपर साठवून ठेवायचं अ‍ॅप) किती जणांनी पेपर सेव्ह केलाय हा आकडा खाली वेगळा दिसतो, स्कोअरमध्ये तो धरतच नाहीत, सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ, ते पण नाहीत. मी तरी आधी मेंडेलीचा आकडाच बघते, कारण सेव्ह करणारे बहुतेक विद्यार्थी नाहीतर संशोधक असतात. अर्थात सेव्ह केलेलं सगळं वाचतं कोण म्हणा! आणि एखाद्या पेपरवर टीकेची झोड उठली तरी स्कोअर वरच जातो, शिव्या की कौतुक ते त्याला कळत नाही.