इथाकाच्या गुहेतल्या तिपाया

ग्रीसमधल्या केफालोनिया बेटाच्या सामी बंदरातून निघालेली फेरीबोट अर्ध्या तासात शेजारच्या इथाका बेटाच्या पिसो आएतोस धक्क्याला लागते. समोरचा डोंगर आएतोसचा; प्राचीन ट्रॉय नगर खणायला घेण्याआधी, १८६८ मध्ये, जर्मन उत्खनक हाइनरिख श्लीमान हा होमरच्या ‘ओडिसी’ काव्याचा नायक, ट्रॉयच्या युद्धाहून घरी परतणारा इथाकाचा राजा ओडिसियस याचा राजवाडा शोधत याच डोंगरावर खणत होता. मला राजवाड्याचे फारसे कुतूहल नव्हते. मला पाहायची होती ती बेटाच्या उत्तर भागातली, समुद्रालगतची एक ढासळलेली गुहा.

स्टाव्रोस गावाच्या बागेत ओडिसियसचा अर्धपुतळा आहे. तिथून उताराचा रस्ता पोलिस नावाच्या छोट्या उपसागरापाशी जातो. (मराठी कानाला हे नाव चमत्कारिक वाटते, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘नगर’ असा आहे.) गोट्यांचा किनारा, चार-सहा होड्या आणि पलीकडे केफालोनियाचे डोंगर. लोइझोसची गुहा या उपसागराच्या उत्तर बाजूला आहे, असे वाचून गेले होते म्हणून कळले. एरवी तो दगडांचा ढिगारा मी ओलांडून पुढे गेले असते. छत प्राचीन काळीच कोसळले आणि समुद्राची पातळी वाढल्याने तळात पाणी शिरले, त्यामुळे गुहा म्हणावी असे तिथे फारसे उरलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात लोइझोस नावाच्या इथल्या माणसाला या जागी काशाची एक तिपाई, म्हणजे कढईसाठीची तीन पायांची बैठक, सापडली. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सिल्व्हिया बेंटन या ब्रिटिश संशोधक बाईंनी, साचणारे पाणी पंपाने उपसत, इथे उत्खनन केले आणि त्यांना आणखी बारा तिपायांचे अवशेष मिळाले. म्हणजे एकूण तेरा. हा आकडा ऐकून ‘ओडिसी’चा वाचक दचकतो, कारण फेएशियन लोकांचा राजा आल्किनूस त्या काव्यात सांगतो की आमच्या देशात बारा राजे आहेत आणि तेरावा मी, आणि पाहुण्या ओडिसियसला निरोप देताना प्रत्येकाने एक मोठी तिपाई व एक कढई द्यावी असे तोच सुचवतो. झोपलेल्या ओडिसियसला इथाकाच्या किनाऱ्यावर उतरवल्यावर या भेटी अथेना देवीच्या सांगण्यावरून अप्सरांच्या गुहेत लपवल्या जातात.

मोह होतो, पण हिशेब जुळत नाही. या तिपाया इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकांतल्या आहेत, तर ट्रॉयचे युद्ध परंपरेने त्याच्या तीन-चारशे वर्षे आधीचे मानले जाते. तेव्हा ओडिसियसने त्या ठेवल्या असणे शक्य नाही. मात्र होमरचा काळ सहसा आठवे शतक धरतात, त्यामुळे कवितेने तिपाया इथे आणल्या की इथल्या तिपायांनी कवितेत जागा मिळवली, हा वाद रंगतो. मला दुसरी शक्यता अधिक पटते: पश्चिमेकडे जाणारे दर्यावर्दी या उपसागरात थांबत असतील, गुहेतले मौल्यवान कासे पाहत असतील आणि पुढच्या बंदरात त्याविषयी बोलत असतील. तेरा हा आकडा मात्र मी योगायोगाच्या खात्यात टाकते, कारण पडलेल्या छताखालच्या तुकड्यांची मोजदाद शेवटच्या तिपाईपर्यंत अचूक असेल, याची हमी कोण देणार?

गुहेतल्या वस्तू पाहण्यासाठी मी परत चढ चढून स्टाव्रोसच्या छोट्या संग्रहालयात गेले. तिपायांपेक्षा माझे पाय जास्त वेळ रेंगाळले ते तळहाताएवढ्या एका खापरासमोर. हा स्त्रीच्या मातीच्या मुखवट्याचा तुकडा, तिपायांहून कित्येक शतके नंतरचा. चेहरा बहुतेक गेलेला. उरलेल्या भागावर कोरलेली ग्रीक अक्षरे काचेला नाक लावून एकेक करून जुळवली. पहिला शब्द ‘एउखेन’. याला इंग्रजीत दोन-तीन शब्द खर्ची घालावे लागतात. मराठीत ‘नवस’ म्हटले की काम भागते. दुसरा शब्द ‘ओडिसेइ’, म्हणजे ओडिसियसला. याच गुहेत अप्सरांना वाहिलेल्या वस्तूही निघाल्या आहेत. होमरचा धूर्त, थकलेला, वीस वर्षांनी घरी पोहोचणारा माणूस इथे त्यांच्या शेजारी नवसाला पावणारा होऊन बसला होता.