मोरी नसलेलं घर

शनिवार, १८ जानेवारी २०२५
श्टुटगार्ट, जर्मनी

सकाळी जिना पुसला. ‘केअरवोखं’ची, म्हणजे आठवड्याच्या साफसफाईच्या पाळीची, लाकडी पाटी गेल्या रविवारी समोरच्यांनी आमच्या दाराला अडकवली, म्हणजे हा आठवडा आमचा. आमच्या दारापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या, कठडा आणि खिडकीची फळी. जुनी रीत आहे म्हणे. १४९२ च्या इथल्या नगरकायद्यातच लिहिलं होतं, की प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा. शहराने १९८८ मध्ये सक्ती काढून टाकली, पण घरमालकांच्या भाडेकरारात पाटी राहिली ती राहिलीच.

मला हे काम आवडायला लागलंय. पुण्यात आमच्या सोसायटीचा जिना कोण झाडतं हे मला ठाऊक होतं, पण तो किती पायऱ्यांचा आहे हे कधी मोजलं नव्हतं. हा सतरा पायऱ्यांचा आहे.

जमत नाही ते पाण्याचं. कर्वेनगरच्या घरात पाणी ओतलं की ते जाईल कुठे, हा प्रश्नच नव्हता. बाथरूमच्या फरशीला उतार, कोपऱ्यात जाळी. ड्राय बाल्कनीत भांडी घासली की बादलीभर पाणी टाकून सगळं लख्ख. दिवाळीच्या आधी तर आई सगळं घर धुऊन काढायची आणि आम्ही अनवाणी त्या पाण्यात नाचायचो. ‘स्वच्छ’ या शब्दाला माझ्या मनात अजून ओल्या फरशीचा वास आहे.

इथे बाथरूमच्या फरशीला जाळीच नाही. नोव्हेंबरात राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी मी सवयीने दोन बादल्या ओतून खराट्याने घासायला घेतलं. पाणी उंबरठा ओलांडून बाहेरच्या लाकडी जमिनीत शिरलं. फळ्या फुगल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या आजी वर आल्या, माझ्या हाताला धरून मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या आणि छताकडे बोट दाखवलं. ताटाएवढा पिवळा डाग. इथे बहुतेक जण नुकसानभरपाईचा विमा काढून ठेवतात, आम्ही तोवर काढला नव्हता. रंगाऱ्याचे पैसे भरले, पण पैशापेक्षा त्या डागाचंच मला जास्त लागलं. म्हाताऱ्या बाईचं नीटनेटकं घर, आणि त्यावर माझ्या घरचं पाणी.

पाणी दिसत नाही तेव्हाही असतं, हे डिसेंबरात कळलं. सकाळी काचा आतून गळत असायच्या. मग बेडरूममध्ये कपाटामागे, बाहेरच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले. आधी वाटलं, भिंतच ओली असेल. आजींनी येऊन पाहिलं आणि ओट्यावरच्या कुकरकडे, मग दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बोट केलं. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, आमचे श्वाससुद्धा. सगळं या घट्ट बंद घरात कोंडतं आणि सर्वांत गार भिंतीवर जाऊन बसतं. आमच्याकडे खिडक्यांच्या फटींतून घर आपोआप श्वास घेतं, इथे तो आपण द्यायचा.

त्यालाच ‘ल्युफ्टन’ म्हणतात. खिडकी नुसती तिरकी करून ठेवायची नाही, त्याने भिंत गार पडते आणि हीटरची ऊब वाया जाते. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, हीटर बंद करून. बाहेर शून्याखाली असताना छातीत धस्स होतं. पण खरंच, काचा कोरड्या होतात. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलंय, कपडे तळघरात वाळवते. आर्द्रतेचं छोटं यंत्र आणलंय, ते पूर्वी ७० दाखवायचं, आता ५२ वर येतं. ते ४० ते ६० मध्ये असलं की मला रात्री शांत झोप लागते.

संक्रांतीला आजींना तिळगूळ दिला. त्यांच्याशी मी जर्मनमध्ये ‘झी’ म्हणूनच बोलते. आपल्या अहोजाहोसारखंच ते, जिभेवर लगेच बसलं. ‘गोड बोला’ हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं ते दोन दिवस शोधत होते. शेवटी नुसतीच वडी हातावर ठेवली. छतावरच्या डागाच्या जागी आता पांढरा रंग आहे, पण माझी नजर तिथे गेलीच.

जिना झाला. बादलीतलं गढूळ पाणी कमोडमध्ये ओतलं, दुसरीकडे कुठे ओतणार? उद्या संध्याकाळी पाटी दुसऱ्या दारावर.

मे महिन्यात आई येतेय. तिला बाथरूमचं आधीच सांगायला हवं, नाहीतर ती पहिल्याच सकाळी पदर खोचून बसेल. कालच शॉवरच्या काचेआड तिच्यासाठी बादली, तांब्या आणि बसायला पाट ठेवला. अख्ख्या घरात तेवढ्याच एका चौकोनाला जाळी आहे. तिथे तिने हवं तितकं पाणी ओतावं.