आमची वाटचाल : काचेच्या अलीकडून

प्रत्येक कंपनीच्या 'आमची वाटचाल'मध्ये दीपप्रज्वलनाचा फोटो असतो. आमच्याकडे तो नाही. आमचा डबिंग स्टुडिओ सुरू झाला त्याच दिवशी दोन एपिसोडची डिलिव्हरी होती आणि काका म्हणाले, "ताई, नारळ संध्याकाळी फोडू." तो फोडायचा राहूनच गेला.

काका म्हणजे आमचे पहिले भागीदार आणि रेकॉर्डिस्ट. वयाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, पण मला कायम ताईच म्हणायचे. ते लूपच्या जमान्यातले. फिल्मच्या तुकड्याची दोन टोकं जोडायची, तो प्रोजेक्टरवर गरगर फिरत ठेवायचा आणि आर्टिस्टने तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून, पाहून, ओठात बसवायचं. तेव्हाचे कलाकार वाक्य पाठ करत नसत, वाक्याचा श्वास पाठ करत. आज पंच-इनची, म्हणजे वाक्याच्या मधूनच रेकॉर्डिंग जोडायची सोय झाल्यापासून अर्धं वाक्य घेऊन "पुढचं वेगळं घेऊ" म्हणणारी मंडळी भेटतात. काका त्यांच्याकडे चष्म्यावरून बघायचे, बस.

मी मात्र आधी माइकसमोरची. क्राउडपासून, म्हणजे गर्दीच्या आवाजांपासून सुरुवात. बाजार, दंगल, कोर्टातली कुजबुज, सगळं पाचसहा जणांत उरकायचं. मग 1994 मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला, तुफान चालला आणि परदेशी चित्रपटांच्या डबिंगकडे बघायची सगळ्यांची नजरच बदलली. पाठोपाठ कार्टूनच्या आणि माहितीपटांच्या वाहिन्या आल्या. काम इतकं वाढलं की आर्टिस्ट एका स्टुडिओतून निघून दुसऱ्यात शिरताना टॅक्सीत आवाज बदलायचे. याच धावपळीत लक्षात आलं, की रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडे बोलणारे पुष्कळ आहेत, अलीकडे बसून ऐकणारं कुणी नाही. रेकॉर्डिस्ट लेव्हल बघतो, क्लायंट घड्याळ बघतो. वाक्य कोण बघतो? म्हणून मी अलीकडे येऊन बसले, डायरेक्टर म्हणून, आणि काकांबरोबर स्टुडिओ काढला.

सुरुवातीचं सामान थोडकं. टास्कमचा डीए-88 रेकॉर्डर, हाय-एट कॅसेटवर आठ ट्रॅक. नायक-नायिका एकेका ट्रॅकवर, आणि उरलेल्यांवर सगळं गाव. कॅसेट रिवाइंड होताना जो वेळ जायचा त्यात मी आर्टिस्टला सीन समजावून सांगत असे. आता कर्सर उचलला की लगेच टेक. त्यामुळे समजावायला वेळच उरत नाही, असं माझं प्रामाणिक मत. माइक पहिल्यापासून न्यूमनचा यू 87. तो काकांच्या आग्रहाने घेतला आणि त्यासाठी माझ्या सोन्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही. पुढे सेनहायझरचा 416ही आला, पण घरातल्या दृश्यांना मला अजूनही न्यूमनच लागतो. स्क्रिप्टच्या लोखंडी स्टँडवर काकांनी स्वतः कार्पेटचा तुकडा चिकटवला होता, आवाज आपटून परत माइकमध्ये येऊ नये म्हणून. कोपरे झिजलेत, मधला भाग शाबूत आहे. नवीन स्टुडिओवाल्यांनी लाखाचा माइक घेऊन त्याच्यासमोर उघडा पत्रा ठेवलेला मी पाहिला आहे.

मराठी डबिंगची खरी कटकट लिपची, म्हणजे पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवण्याची. आपलं वाक्य संपतं 'आहे' नाहीतर 'नाही'वर, म्हणजे तोंड उघडं. पडद्यावरच्या माणसाने तर ओठ मिटून वाक्य संपवलेलं असतं. मग शेवटी प, ब, भ, म यांपैकी काहीतरी यावं म्हणून रायटरला सगळं वाक्य फिरवावं लागतं, आणि फिरवलं की ते माणसासारखं वाटत नाही. क्लोजअप असेल तिथे मी लिपसाठी भांडते. पाठमोरा असेल तर वाक्यासाठी. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

आणि किंचाळ्या शेवटी घ्या. कितीही सीन मागेपुढे होवोत, ओरडणं, रडणं, मारामारीचे हुंकार दिवसाच्या शेवटी. सकाळी दहाला ओरडून घेतलं की त्या आर्टिस्टचा पूर्ण दिवस गेला. नवीन डायरेक्टर हे ऐकत नाहीत आणि दुपारी गरम पाण्याचा थर्मास शोधत फिरतात.

आता त्या सीझनबद्दल. बरेच जण अजूनही त्याबद्दल अर्धवट बोलतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ॲनिमेशनची मालिका होती, 22 मिनिटांचा एक एपिसोड. वितरकाने पायलट, म्हणजे डबिंग करताना समोर ठेवायची चित्राची प्रत, दिला सेकंदाला 24 फ्रेमचा. आम्ही पूर्ण सीझन त्यावर डब केला, मिक्स करून दिला. चॅनेलकडे गेलेला अंतिम पिक्चर मात्र 23.976चा होता. फरक हजारात एक. पहिली काही मिनिटं कुणाला कळतही नाही. पण 22 मिनिटांच्या शेवटी सव्वा सेकंदाहून जास्त फरक पडतो. आवाज येऊन जातो आणि ओठ मागाहून हलतात. क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा रिपोर्ट आला: 'आउट ऑफ सिंक, रिजेक्ट'. कारणाचा रकाना कोरा.

वितरकाने पेमेंट थांबवलं. आर्टिस्टना मी शब्द दिला होता, ते पैसे खिशातून दिले. खिसा म्हणजे काय ते धंद्यातल्यांना कळेल. वितरकाने 'दुसरं मत' घ्यायला फाइल दिली ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या स्टुडिओला. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. त्यांच्याकडचा कुठलाही शिकाऊ इंजिनियर पहिली आणि शेवटची मिनिटं शेजारी ठेवून सांगू शकला असता, की फरक हळूहळू वाढतो आहे, म्हणजे दोष वेगाचा आहे, कलाकारांचा नाही. ट्रॅक एक दशांश टक्का हळू करा, काम संपलं. एका दुपारचं काम! त्याऐवजी त्यांनी लिहून दिलं, की डबिंग सैल आहे, पूर्ण नव्याने करावं लागेल. आणि नव्याने करायचं कोटेशन त्याच मेलला जोडलं.

ते काम त्यांना मिळालं. आमच्याकडचे दोन आवाजही तिकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही, घरभाडं सगळ्यांनाच असतं. प्रमुख पात्राचा आवाज मात्र जायला तयार झाला नाही, म्हणून तिथे त्या पात्राचा आवाज बदलला. सिंह होता तो, शेळी झाला. त्यांची कामाची पद्धतही सांगते: प्रत्येक आर्टिस्ट वेगळा, आपापल्या ओळी बोलून मोकळा. समोरचा काय बोलला ते त्याला ठाऊक नाही. डायरेक्टर नाहीच, को-ऑर्डिनेटरच टॉकबॅक (काचेपलीकडे बोलायचं बटण) दाबून "ओके, नेक्स्ट" म्हणतो. भांडणाच्या सीनमध्ये दोन माणसं दोन वेगवेगळ्या खोल्यांत भांडल्यासारखी वाटतात. पाहा कधी, डोळे मिटून ऐका.

आम्हाला वाचवलं चॅनेलच्या मॅडमनी. आमच्या सर्वांत जुन्या क्लायंट, पहिल्या माहितीपटापासूनच्या. त्यांना नव्या डबचे पहिले एपिसोड मिळाले आणि त्या थेट आमच्याकडे आल्या. काकांशेजारी कन्सोलवर बसल्या, म्हणाल्या, "काका, मला तांत्रिक सांगू नका, दाखवा." काकांनी पायलट आणि अंतिम पिक्चर दोन खिडक्यांत लावले, दोन्ही एकदम सोडले. शेवटच्या सीनला एका खिडकीत दार बंद झालं, दुसऱ्या खिडकीत ते अजून बंद होत होतं. मॅडमनी पर्स उचलली, बाहेर जाऊन फोन केला. आठवड्याभरात आमचे मूळ ट्रॅक वेग जुळवून परत घेतले गेले आणि थकलेलं पेमेंट सुटलं.

पुढचा सीझन तरीही त्याच स्टुडिओला गेला, कारण करार आधीच झाला होता. कुणी माफी मागितली नाही. क्यूसीच्या नोंदीत आमच्या नावापुढे 'रिजेक्ट' तसंच आहे.

म्हणून सांगते, विचारलं नसलं तरी: पायलट हातात आल्या आल्या फ्रेम रेट लेखी मागा. फोनवर "तोच आहे हो" चालत नाही.

त्यानंतरची बरीच वर्षं काम नीट चाललं. 2020च्या लॉकडाउनमध्ये आर्टिस्ट कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करत होते आणि मी हेडफोन लावून शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. काका त्याच्या आधीच निवृत्त झाले, पण एडिटमध्ये अडलं की फोन त्यांनाच जातो.

हल्ली नवी मुलं येतात, आवाज चांगले असतात, वाचन नसतं. बेस लावून, आवाज जाड करून बोलणं म्हणजे व्हॉइसिंग असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं आहे. आणि कुठेही सही करतात. करारात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, यंत्रप्रशिक्षणासह' (म्हणजे तुमचा आवाज वापरून एआयला शिकवणं) असं काही दिसलं तर पेन खाली ठेवा. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या हक्कांची वेगळी कलमं आहेत, ती वाचा. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. ते नामवंत गायक आहेत, वकील लावू शकतात. क्राउडमध्ये ओरडणाऱ्या मुलीसाठी कोण कोर्टात जाणार? आमच्या करारात ते वाक्य खोडलेलं असतं. दोन क्लायंट त्यापायी गेले, जाऊ देत.

गेल्या महिन्यात त्या दोन गल्ल्या पलीकडच्या स्टुडिओतून फोन आला. मालिका पुन्हा प्रसारित होणार आहे, पहिल्या सीझनचे एम अँड ई (संगीत आणि इतर आवाजांचे ट्रॅक) आणि मूळ डायलॉग स्टेम्स (संवादांचे सुटे ट्रॅक) त्यांना सापडत नाहीत, आमच्याकडे आहेत का? आहेत, दोन ड्राइव्हवर, लेबल काकांच्या अक्षरात. म्हटलं, लेखी मागा, आणि त्यात डबिंग कोणी केलं होतं तेही लिहा. मेल अजून आलेला नाही.